पाण्याचा माणूस, सोन्याचा दात

आमच्या कामात माणूस पाण्याचा असतो. निदान तसं धरून चालतात. मी नगरच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात किरणांचा हिशेब करते. कुठे किती डोस द्यायचा ते डॉक्टर ठरवतात, आणि तो तिथे तेवढाच पडेल की नाही हे मी बघते. लोक विचारतात, म्हणजे नर्स का? उत्तर द्यायचं मी आता सोडून दिलंय.

ब्रॅकीथेरपीत किरणं बाहेरून सोडत नाहीत. इरिडियमचा एक इवलासा तुकडा, तांदळाच्या दाण्याहून बारीक, तारेच्या टोकाला बसवलेला असतो. पेशंटच्या गाठीत आधीच घातलेल्या बारीक नळ्यांतून तो आत जातो, ठरल्या जागी काही सेकंद थांबतो, पुढे सरकतो आणि काम झालं की जाड धातूच्या पेटीत परत येतो. कुठे किती थांबायचं हे कॉम्प्युटर काढून देतो. ते काढताना तो बिनधास्त समजतो, की नळ्यांच्या भोवती सगळं पाणीच आहे. गाल काय, जीभ काय, त्याला सगळं सारखंच. आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा चालून जातं, कारण किरणांच्या लेखी मांसात आणि पाण्यात फारसा फरक नसतो.

मग श्रीगोंद्याकडचे एक आजोबा आले. उसाच्या पट्ट्यातले, एसटीनं, एकटेच. जन्मभर तंबाखू एकाच गालात धरलेली, आणि त्याच गालाला आतून गाठ. त्यांनी तोंड उघडलं आणि आत लखकन सोनं चमकलं. दाढेवर सोन्याची टोपी, गाठीला अगदी टेकून.

आमचे डॉक्टर कमी बोलतात. "ही काढावी लागेल," ते म्हणाले. "टोपी निघाली नाही तर दाढच."

आजोबा उठले. पिशवी काखेत मारली. "दात काढायचा आसंल तर मी चाललो. राम राम."

माझं डोकं फिरलं. इतक्या लांबून यायचं आणि एका दातापायी जीव घालवायचा? मी मागोमाग गेले आणि व्हरांड्यातच त्यांना गाठलं. "अहो आजोबा, जीव मोठा की दात मोठा?"

"दात," ते म्हणाले आणि बाकावर बसले. मलाही बस म्हणाले. "मानूस मरताना तोंडात सोनं घालत्यात का न्हाई? आन पानी, तुळशीचं पान. मला पोरबाळ न्हाई. मालकीन लई वर्सांमागं गेली. माज्या तोंडात कोन घालनार? शेजारी येतील, भली मानसं हायेत, पन ऐन टायमाला सोनं कुटं हुडकायचं त्येंनी? म्हनून लग्नातली आंगठी मोडली, सोनाराकडनं टोपी करून घेतली आन बसवली दाढंवर. आता कवाबी बोलावू दे."

मी त्यांना तिथेच थांबायला सांगितलं.

डॉक्टरांकडे परत गेले. दाढ काढायची तर त्यांचीही अडचण होतीच. जबड्याची जखम भरेपर्यंत किरणं देता येत नाहीत, आणि गाठ काही थांबून राहत नाही. "पण सोनं तसंच ठेवलं तर काय होईल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोजच्या सॉफ्टवेअरला सोनं कळत नाही. ते त्यालाही पाणीच समजणार. मला करून बघू द्या.

करून बघायचं म्हणजे कॉम्प्युटरात आजोबांचा गाल बनवायचा. स्कॅनमध्ये सोन्याच्या भोवती नुसते पांढरे फराटे आले होते, त्यामुळे दाढेचा आकार काही कळेना. शेवटी दातांच्या डॉक्टरांकडून ठसा घेतला, टोपी मापली आणि ती दाढ मी हातानं रचली. आत दात, वर सोनं, शेजारी गाल, पलीकडे जबड्याचं हाड. मग किरणं सोडली.

हे मी किती वर्षं करते आहे, तरी अजून अंगावर काटा येतो. किरणाचा एक कण निघतो. तो किती लांब जाईल, कशाला धडकेल, कुठे वळेल, धडकेतून उडालेला इलेक्ट्रॉन कुठे जाऊन थांबेल, हे सगळं कॉम्प्युटर फासे टाकून ठरवतो. फासे म्हणजे आकडेच, पण फाशांइतकेच आंधळे. या पद्धतीला नावच मुळी जुगाराच्या एका गावावरून पडलंय. एका कणाचं काय होईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मग दुसरा कण, तिसरा, असे कोट्यवधी. पडद्यावर आधी नुसती सांडलेली रांगोळी दिसते. मी डबा खाऊन आले तोवर त्या रांगोळीतून गाल दिसायला लागला होता. इतक्या सगळ्या नशिबांची बेरीज करावी आणि तिच्यातून एक पक्का आकडा निघावा, हे मला समजतं, शिकवताही येतं, आणि तरीही खरं वाटत नाही.

चित्र स्थिरावलं तशी सोन्याच्या कडेनं गालावर एक बारीक लाल रेघ उमटली. सोनं इलेक्ट्रॉन गालावर फेकत होतं. त्या रेघेत गाल सोलून निघाला असता, आणि रोजच्या सॉफ्टवेअरच्या चित्रात तिथे काहीच नव्हतं. मग मी टोपी आणि गाल यांच्यामध्ये मेणाचा एक पातळ थर ठेवला, अर्थात कॉम्प्युटरातच, आणि पुन्हा सगळे कण सोडले. दुपार कलली तेव्हा लाल रेघ मेणातच अडकून पडली होती. गाल स्वच्छ. एका दिवसात आजोबांचा गाल भाजला काय, वाचला काय, आणि आजोबा खाली बाकावर पाय पोटाशी घेऊन घोरत होते.

कॉम्प्युटरच्या शब्दावर कुणाच्या तोंडात किरणं सोडायची नाहीत, हा आमचा नियम. मी माझी सोन्याची अंगठी काढली, तिला किरणांनी काळी पडणारी फिल्म चिकटवली आणि पाण्यात ठेवून मशीन चालवलं. मेण नसताना अंगठीलगत काळी कड उठली. मधे मेण घातलं तर नाही. हिशेबात आलं होतं, अगदी तसंच. डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा उजेडाला धरून बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, "राहू दे दात."

दातांच्या डॉक्टरांनी मेणाची पट्टी घडवून दिली. उपचाराच्या आधी मी आजोबांना पडद्यापुढे बसवलं. त्यांनी चष्मा पुसला. "ह्यो मी?"

"तुमचा गाल."

"किती येळा मारलं ह्यात मला?"

"कोट्यवधी वेळा."

"आन मला पत्ताच न्हाई," म्हणून ते खूप हसले. मग सगळं नीट विचारून घेतलं. आम्ही माणसाला पाणी धरतो हे त्यांना फार आवडलं. "मंग बराबर हाय. पानीच की सगळं. सोनं तेवढं येगळं."

उपचार पार पडले. गाल काही दिवस हुळहुळला, नुसती पेज पिऊन राहिले. नंतरच्या तपासणीत गाठ दिसली नाही. डॉक्टर म्हणाले, आता काही महिन्यांनी या. त्या दिवशी एसटी धरण्याआधी आजोबा माझ्या खोलीत आले. बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"पोरी, सोन्याची सोय ऱ्हायली तुज्यामुळं. पान्याचं तेवढं बघशील का?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोळे भरून आले. मी नुसती मान हलवली. त्यांनी बटणांचा मोबाईल पुढे केला. शेजारी फोन लावतील, म्हणाले, त्यांना वाचता येतं. मी माझा नंबर घातला आणि विचारलं, "नाव काय टाकू, आजोबा?"

"पानी टाक," ते म्हणाले.

मी तेच टाकलं.