फळीभाऊंची हाक

आगीत जळालेल्या, काचा फुटलेल्या दुकानांना फळ्या ठोकून ती तातडीने बंद करून देणं हा फळीभाऊंचा धंदा. लोकांच्या तोंडी हेच नाव इतकं बसलं होतं की खरं नाव सांगायला बायकोलाही जरा आठवावं लागे. त्यांचा एक नेम होता. शेवटची फळी लावण्याआधी बॅटरी घेऊन दुकानाचा कोपरान् कोपरा बघायचा, हाका मारायच्या आणि मगच देवाचं नाव घेऊन स्क्रू पिळायचे. मांजर जरी आत राहिलं तरी पाप माझ्या माथी, असं ते हाताखालच्यांना बजावत.

त्या दिवशी वह्या-पुस्तकांचं दुकान जळालं होतं. दुकान म्हाताऱ्या मालकांची सूनबाई चालवायची; ती विम्याच्या कचेरीत धावली होती. फळीभाऊंना तिथूनच नव्या व्याह्यांकडे जेवायला जायचं होतं. पायात कोरे पांढरे बूट, आणि दुकानात तर घोटाभर काळं पाणी. ते उंबऱ्यावरूनच वाकले, "कोणी आहे का आत?" म्हणून एक हाक मारली आणि फळी लावून मोकळे झाले.

व्याह्यांकडे पहिला घास घेतला तोच सूनबाईचा फोन आला.

"भाऊ, आमचे मामंजी दिसले का हो तिथे? घरी नाहीत. ऐकू येत नाही त्यांना, म्हणून जीव घाबरा होतोय."

फळीभाऊ ताटावरून उठले. व्याह्यांनीच त्यांना स्कूटरवरून दुकानाशी आणून सोडलं.

फळी काढली तर म्हातारे आत एका पालथ्या खोक्यावर बसलेले. फळीभाऊंची माणसं टेम्पोतून फळ्या उतरवत असताना सगळ्यांच्या पाठीमागून आत शिरले होते. फळ्या बडवून बडवून मुठी सोलवटल्या होत्या; रस्त्यावर मात्र सगळ्यांना ती फळ्या ठोकण्याचीच ठोकठोक वाटली होती. धापा टाकत आलेली सूनबाई मामंजींवरच रागावली. शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाचे केस कापता कापता म्हणाला, की न बघता फळी लावतील असे फळीभाऊ नव्हेत. म्हातारेही म्हणाले, "यांनी हाका मारल्याच असतील. दोष माझ्या कानांचा."

गप्प बसले असते तरी निभावून गेलं असतं. पण त्या मुठी बघून फळीभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खाली वाकून पुटपुटले, "आजोबा, मी आत येऊन बघितलंच नाही."

"काय?"

पुन्हा सांगितलं.

"जरा मोठ्याने बोला."

शेवटी ओरडूनच सांगावं लागलं. "मी आत आलोच नाही. बूट भिजतील म्हणून दारातूनच फिरलो."

न्हाव्याची कात्री थांबली. व्याही स्कूटरपाशी उभे होते, त्यांनाही शब्द न् शब्द ऐकू गेला.

"आता ऐकू आलं," म्हातारे म्हणाले आणि सुनेचा हात धरून चालू लागले.

फळी पुन्हा लावायची होतीच. फळीभाऊ बॅटरी घेऊन आत शिरले. आत कोणी नाही हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं, तरी ते पाणी तुडवत प्रत्येक कपाटामागे हाक मारत राहिले. कोणी हसलं नाही. बाहेर आले तेव्हा व्याह्यांनी फळीचं दुसरं टोक धरलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघायचा धीर मात्र फळीभाऊंना झाला नाही.