गिऱ्हाइकासमोरची भाषा

गुडघ्याच्या व्यायामासाठी मी हल्ली आठवड्यातून दोनदा एका दवाखान्यात जाते. तिथली मुलगी गोड आहे, पण तिला प्रश्न एकच येतो. पाय वर उचलला की विचारते, "आजी, दहापैकी किती दुखतंय?" परवा तिने पाय जरा जास्तच वाकवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शेली." ती गोंधळून म्हणाली, "शेळी?" शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थ फिदीफिदी हसले. मी म्हटलं, "सहा गं, सहा," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. गुडघ्याचं दुखणं राहिलं बाजूला. शेली म्हटल्यावर सहा समजणारं माणूस आता मला या नाशकात उरलं नाही, या विचारानेच रडू येऊ लागलं.

आमचं मेनरोडला कापडाचं दुकान होतं, सासऱ्यांनी सुरू केलेलं. जुन्या व्यापाऱ्यांची एक चोरटी बोली असते, ती त्यांच्याकडे होती. केवली म्हणजे एक, उधानू तीन, शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ, अंगुळू दहा. पुस्तकात तिला नंदभाषा म्हणतात हे मला फार उशिरा कळलं; आम्ही नुसतं 'बोली' म्हणायचो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना भाव कुठवर उतरवायचा हे त्याच्या देखत एकमेकांना सांगायचं आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम.

मी दिंडोरीच्या एका शाळामास्तरांची मुलगी. लग्न होऊन आले तेव्हा वार आणि मीटर यातला फरकही मला धड माहीत नव्हता. सासूबाई आजारी म्हणून मला दुकानात बसवलं. दुसऱ्याच दिवशी हरसूलकडचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं, जीप भरून माणसं. लुगड्यावर घासाघीस चालली होती. सासरे माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "सूनबाई, पवित्र." मला वाटलं, या लोकांना पूजेसाठी काहीतरी हवंय. मी शिडी लावून वरच्या फळीवरचं रेशमी सोवळं काढलं आणि त्यांच्यापुढे पसरलं. नवरीची आई माझ्याकडे बघतच राहिली. "बाई, आमाला लुगडी पायजेत. ह्ये काय करू?" सासऱ्यांनी चेहरा हलू दिला नाही. नवरा मात्र मांजरपाटाच्या ताग्यामागे तोंड लपवून हसत होता.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून घरी चालत जाताना यांनी मला दहापर्यंत आकडे शिकवले. रविवार कारंज्यापासून घरापर्यंत मी ते घोकत होते आणि हे चुका काढत होते. लग्नाला महिना झाला होता, पण आमच्यात पहिलं धड बोलणं झालं ते त्या दिवशी. सासऱ्यांनी नंतर एकच नियम सांगितला: समोर कुणी असताना बोलीचा अर्थ उघड करायचा नाही. मग काहीही होवो.

व्यापाराने जग कसं बदललं यावर शहाणी माणसं मोठमोठे ग्रंथ लिहितात. मी आपली फळीवरच्या कापडांवरून तेच वाचत आले. पैठणी म्हणायचं आणि ती विणायची येवल्यात. इरकल कर्नाटकातली, महेश्वरी नर्मदेकाठची, आणि नेसणारी बाई सुरगाण्याच्या डोंगरातली. पांडवलेण्यांत विणकरांच्या संघाचा उल्लेख दगडात कोरून ठेवलेला आहे. म्हणजे दोन हजार वर्षं या गावात कुणीतरी कापड विकतंय आणि कुणीतरी 'लय महाग हाय' म्हणून उठून जायचं नाटक करतंय. आमच्या दुकान, बाजार या शब्दांनाही फारसीतून इथवर आणलं ते अशाच देवघेवीने. पण व्यापार घरात शिरतो तेव्हा काय होतं, ते त्या ग्रंथांत असेल असं वाटत नाही. मला विचाराल तर तो आधी जिभेवर बसतो.

आमच्या घरात तो बसला तो कायमचा. पाहुणे आले की जेवायला किती थांबणार हे मी यांना त्यांच्यासमोरच बोलीत विचारायची. कुणाच्या लग्नातली जिलेबी कशी होती, ते हे मला त्याच मांडवात उभं राहून दहापैकी आकड्यात सांगायचे. तोंड अगदी साळसूद. आमची एकुलती एक लेक. शाळा सुटली की दुकानातच यायची, गादीच्या कोपऱ्यात बसून अभ्यास करायची. तिच्या सहलीचा खर्च, तिला पाहायला आलेला मुलगा, सगळं आम्ही तिच्या देखत बोलीत मिटवायचो. एका मुलाला यांनी पोहे खाता खाता 'उधानू' दिले. दुसऱ्या दिवशी लेकीने स्वतःहूनच नकार कळवला, तेव्हा आम्हाला तिच्या अकलेचं फार कौतुक वाटलं.

पुढे तिने मनासारखं लग्न केलं, बंगळुरूला गेली. गिऱ्हाईक मॉलमध्ये गेलं, मग मोबाइलमध्ये गेलं. मोबाइलवर घासाघीस नाही, त्यामुळे बोलीचंही काम संपलं. आम्ही दुकान विकून गंगापूर रोडला दोन खोल्या घेतल्या. तिथे चोरून बोलण्यासारखं समोर कुणीच नव्हतं, तरी हे चहात साखर किती म्हणून विचारलं की 'केवली' म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी हे आजारी पडले. पोटातला आजार, उशिरा कळलेला. लेक रजा काढून आली. तिला नुकतीच नवी नोकरी लागली होती, शनिवारी परत जायचं ठरलेलं होतं. डॉक्टर सकाळी फेरीला आले की विचारायचे, "काका, दहापैकी किती?" हे लेकीकडे बघत ठणठणीत आवाजात म्हणायचे, "तीन." डॉक्टर लिहायला खाली वाकले की मान माझ्याकडे वळवून हळूच म्हणायचे, "मंगी."

हे ऐकलं एका नर्सने. तिने मला व्हरांड्यात गाठून माझा हात हातात घेतला. "काकू, राग मानू नका. पण काका सारखं मंगीचं नाव घेतायत. कोण जवळची असेल तर बोलवून घ्या. अशा वेळी माणसाची इच्छा असते हो." चाळीस वर्षांच्या संसारानंतर यांच्या आयुष्यात एक मंगी निघाली, म्हणून ती बिचारी माझी कीव करत होती. मी आत येऊन हे यांच्या कानात सांगितलं. हे इतके हसले, इतके हसले, की हसता हसता कळवळले आणि चादर मुठीत धरून म्हणाले, "अंगुळू."

लेक खिडकीपाशी बसली होती. थोड्या वेळाने ती पाण्याची बाटली आणते म्हणून बाहेर गेली.

मी त्या नर्सला सांगायला हवं होतं. अहो, मंगी बाई नाही, मंगी म्हणजे आठ. हा माणूस तीन दिवस खोटं बोलतोय, त्याला औषध वाढवून द्या. दोन वाक्यांचं काम होतं. पण लेकीला कळलं तर ती जाणार नाही, नवी नोकरी घालवून बसेल, म्हणून यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं होतं. आणि मी बसले गप्प. समोर कुणी असताना अर्थ उघड करायचा नाही, ही सवय माझ्या इतकी हाडीमाशी भिनली होती की नवरा दुखण्याने तळमळत असतानाही मी दुकानदारीण राहिले. माझा मला अजून राग येतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

नशिबाने त्याच दुपारी दुखणं आपोआप उतरलं. त्यांना गाढ झोप लागली. शनिवारी लेक गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात हे झोपेतच गेले. पण ते तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. स्वयंपाक करताना येतात, देवाजवळ बसले की येतात. घरात बोलायला कुणी नसलं की अशा गोष्टींना फार जागा मिळते.

तर परवा दवाखान्यातून आल्यावर लेकीचा नेहमीचा फोन आला. "गुडघा कसा आहे?" मी नेहमीसारखं म्हटलं, "आहे आपला, थोडंसं दुखतं." आणि तिला हसवायला म्हणून गंमत सांगितली: त्या मुलीने आकडा विचारला, मी शेली म्हणाले, तिला वाटलं शेळी.

लेक हसली नाही. म्हणाली, "सहा म्हणजे थोडंसं नाही, आई."

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"म्हणजे काय? दहावीपर्यंत दुकानातच तर वाढले मी."

विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "मग दवाखान्यात?"

"कळत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. बाबांनी अंगुळू म्हटलं तेव्हा मात्र मला बसवेना. पाण्याची बाटली घेऊन मी डॉक्टरांकडेच गेले होते. त्यांनी लगेच औषध वाढवलं. पण त्याआधीचे तीन दिवस मीही गप्प बसले गं."

दुखणं आपोआप उतरलं नव्हतं तर. दोन वर्षं मी ज्याचा दोष एकटीने वाहत होते, तो बंगळुरूत दुसरंही कुणी वाहत होतं. मला हायसं वाटलं, आणि लगेच भयंकर चीड आली. एका खोलीत आम्ही तीन माणसं, तिघांनाही आकडा माहीत, आणि तिघंही एकमेकांपासून तो लपवत बसलेली.

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कशी बोलू? तुम्ही ती बोली माझ्यासमोर बोलायचात ती मला कळू नये म्हणून. लहानपणापासून. कळलं असं दाखवलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं." मग ती थोडी हसली, पण ते हसणं नव्हतं. "मी गिऱ्हाईकच होते ना तुमची."

मी इतकी वर्षं समजत होते की या जगात ती बोली आम्हा दोघांचीच होती, आणि हे गेल्यावर मी एकटी पडले. आमच्याच गादीच्या कोपऱ्यात बसलेली पोर माझ्या कितीतरी आधीपासून एकटी होती, हे मला सदुसष्टाव्या वर्षी फोनवर कळलं.

मी म्हटलं, "ऐक. गुडघा सहा दुखतो. जिना उतरताना आठ. जेवायला एकटी बसते तेव्हा घास उतरत नाही. तू फोन ठेवलास की मी तो बराच वेळ तसाच कानाला धरून बसते."

ती रडत म्हणाली, "आई, मला असं उघड आजवर कुणी काही सांगितलंच नव्हतं."