मतदानाच्या दिवशीचं पाणी

“प्रधान, उद्या माझ्या वॉर्डात दिवसभर पाणी पाहिजे,” असं म्हणत अध्यक्ष धर्माशेठ माझ्या टेबलावरच बसले.

मी भिवंडी नगरपालिकेत पाण्याचा ओव्हरसियर. साठच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी मतदान होतं. धर्माशेठ अपक्ष. ना पक्ष, ना झेंडा, निशाणी बादली. तेव्हा अध्यक्ष नगरसेवकांमधूनच निवडत. म्हणजे आधी वॉर्ड जिंकायचा, मग पुन्हा खुर्ची. आणि त्या वॉर्डात नळाला पाणी यायचं सकाळी एकच तास.

“लेखी द्या,” मी म्हणालो.

“येडा झालास काय? समोरचा केस टाकेल माझ्यावर.”

“मग तोंडी ऐका. टाकीत तेवढं पाणी नाही. उद्या सांडलं तर परवा नळातून नुसती हवा येईल.”

“परवाचं परवा बघू. बायका खूष झाल्या की झालं!”

मी ठाम राहायला हवं होतं. पण मला नोकरीत कायम करायची फाइल त्यांच्याच टेबलावर होती, आणि मी पडलो भित्रा. सकाळी सहाला स्वतः जाऊन वॉल उघडला. वॉल म्हणजे जमिनीखालच्या पाइपवरचा दांडगा नळ. तो लांब दांड्याच्या चावीनं फिरवायचा.

अकरा वाजता धर्माशेठ घामाघूम होऊन ऑफिसात हजर. “अरे, बूथवर एक बाई फिरकत नाही! पुरुष येतील मागावरची शिफ्ट सुटल्यावर, त्यातले अर्धे समोरच्याचे. माझी सगळी मदार बायकांवर!”

“मग बायका आहेत कुठे?”

“नळावर!”

जाऊन बघतो तर काय! पिंपं भरून झाली, हंडे भरून झाले, आता गोधड्या निघाल्या होत्या. वर्षभराच्या गोधड्या. एका आजीनं तर खाटच धुवायला काढलेली. पाणी कधी जाईल याचा नेम नाही, मग हातचं सोडून मत द्यायला जाणार कोण?

“बंद कर, बंद कर!” शेठ माझ्या कानात ओरडले.

“लेखी द्या,” मी म्हणालो. या वेळी मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू?

पण टाकी निम्म्याखाली गेली होती. सुताच्या गोदामात आग लागली तर बंबाला काय देणार? मी चावी घेऊन वॉलकडे गेलो. तिथे जनाबाई कमरेला पदर खोचून उभी. ती तिथल्या चाळीची बिनखुर्चीची अध्यक्ष.

“ए पानीवाल्या, चावीला हात लावशील तर बघ!”

“जनाबाई, हे उद्याचं पाणी आहे. आज संपवलंत तर उद्या नाही.”

“मग सोडलं कोनी?”

मी धर्माशेठकडे बघितलं. ते तोपर्यंत बूथच्या दिशेनं पसार झाले होते.

“चला गं,” जनाबाई म्हणाली, “इचारू त्याला.” नळावर बादली ठेवून गेलं तर ती परत मिळत नाही, म्हणून पंचवीस-तीस बायका बादल्यांसकट निघाल्या. उरलेलं पाणी बंबासाठी राखायला मी वॉल बंद केला आणि त्यांच्या मागोमाग गेलो.

बूथवर हाहाकार. समोरच्या उमेदवाराचा माणूस किंचाळला, “निशाणी घेऊन आल्या! हा प्रचार आहे!”

निवडणूक अधिकारी म्हणाले, “बाई, बादली बाहेर ठेवा.”

“का? माजी हाय ती. चोरीला गेली तर तू देशील?”

शेवटी बादल्या लांब, पिंपळाखाली ओळीनं मांडल्या आणि राखणीला पोलीस बसवला. धर्माशेठना अर्धा तास मनसोक्त शिव्या बसल्या. मग, आलोच आहोत तर म्हणून, सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. शेठचा चेहरा पांढराफटक. मला त्यांची खरंच कीव आली.

त्याच रात्री मतमोजणीत धर्माशेठ काठावर निवडून आले.

मला राहवेना. जनाबाईला गाठून विचारलं, “एवढ्या शिव्या दिल्यात, आणि मतं त्यालाच?”

“मग? पानी न्हाय आलं की नवा मानूस म्हनेल, मला काय ठावं. ह्याला सगलं ठावं हाय. ह्याचं घर पन ठावं हाय आमाला.”

आणि ठाऊक होतंच. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी नळातून हवा आली, तेव्हा त्याच बादल्या धर्माशेठच्या ओटीवर ओळीनं लागल्या होत्या. शेठ गळ्यातला हार न काढता आपल्या विहिरीचं पाणी शेंदत होते.

पुढे मी कायम झालो आणि निवृत्तही झालो. पण तोंडी हुकमावर वॉल परत कधी फिरवला नाही.