राक्षसांनाही किल्ला

पोस्टर कलरचा वास आला की यवतमाळच्या होस्टेलमधली एक दुपार आठवते. माझा मित्र कादंबरीसाठी नवं जग रचत होता आणि ब्रह्मदेवाच्या थाटात नकाशावर जागा वाटत होता. यक्षांना राजवाडे, गंधर्वांना सरोवरं, राक्षसांनाही किल्ला. शेवटच्या जमातीला त्यानं बैल, मिठाची पोती आणि आरसे लावलेल्या ओढण्या दिल्या. धंदा, पोरं पळवण्याचा. तसे आरसे त्यानं आमच्या तांड्यावर पाहिले होते, माझ्या आईनं त्याला जेवू घातलं तेव्हा. “याईले गाव काहून नाही देल्लं बे?” मी विचारलं. “भटके हायेत ते, गाव कायले पायजे?” त्याचा ब्रश थांबलासुद्धा नाही. परवा ती कादंबरी छापून आली. मी आधी नकाशा उघडून त्या शेवटच्या जमातीचं गाव शोधू लागलो. राक्षसांना आता दुसरा किल्ला मिळाला आहे.