हातावरची पहिली वेलांटी

माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, माझ्या गावाचं नाव गोंदलेलं आहे आणि ते चुकीचं आहे. ‘झरी’ हवं होतं, ‘झरि’ आहे. पूर्णेच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. डाव्या हातानं फळा पुसायला लागले की पहिल्या बाकावरच्या पोरी ते आरामात वाचतात.

चूक बाबांची. आईबाबा ऊसतोडीला जायचे, मलाही सोबत न्यायचे. पाच वर्षांची असताना कारखान्याजवळच्या आठवडी बाजारात मी हरवले. गाव कोणतं विचारलं की मी म्हणायची, ‘आमचं गाव.’ अख्खी दुपार असंच चाललं. सापडले तेव्हा आईनं आधी धपाटा घातला, मग कवटाळलं. पुढच्याच जत्रेत बाबांनी मला गोंदणाऱ्यापुढं बसवलं. बाबा शाळेत गेलेले नाहीत. एसटीच्या पाटीवर बघून बघून गावाचं नाव तेवढं त्यांना काढता यायचं. ते त्यांनी बिस्किटाच्या पुड्यावर काढून दिलं आणि गोंदणाऱ्यानं जसंच्या तसं माझ्या हातावर उतरवलं. मी जत्रा दणाणून सोडली म्हणे.

तिसरीत गेल्यावर मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ‘बाबा, तुमी वेलांटी चुकवली.’ ते माझा हात धरून वेलांटी बघत राहिले. त्या तोऱ्याची मला अजून लाज वाटते. वेलांटीची लाज एकदाच वाटली, तेव्हाची ही हकिकत आहे.

परभणीचं एक स्थळ आलं होतं. चहा झाला आणि मुलाच्या आत्याची नजर माझ्या हातावर गेली. बाबांनी घाईघाईनं माझी बाही खाली ओढली, पण उशीर झाला होता.

‘एवढी शिकलेली पोरगी अन् हातावर हे काय?’ आत्याबाई म्हणाल्या. ‘ऊसतोडीच्या टोळीतल्या बायांवानी दिसायलंय. आजकाल लेझरनं निघतंय सगळं. काढून घ्या, मग पुढचं बोलू.’

मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मला वाटलं, बाबा काहीतरी सुनावतील. बाबांनी हात जोडले. ‘काढून टाकंल ती. तसंबी ते चुकीचंच हाय.’

म्हणजे तिसरीतलं माझं वाक्य त्यांनी एवढी वर्षं जपून ठेवलं होतं. शरमेनं मी परभणीच्या दवाखान्यात जाऊन पहिल्यांदा लेझर करून आले. चटचट आवाज, जळक्या केसांसारखा वास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा करून भागणार नाही, बऱ्याच वेळा यावं लागेल, हळूहळू पुसट होत जाईल.

थोड्याच दिवसांत वर्गात प्रतिकारशक्तीचा धडा आला. मी मॅक्रोफेजचं कौतुक सांगत होते. मराठीत महाभक्षक पेशी. जंतू खाते, मेलेल्या पेशी खाते, बाहेरून घुसलेला कण दिसला की त्याला गिळते. नुसती खात नाही, जंतूचा तुकडा इतर पेशींना नेऊन दाखवते, की बघा, हा आला होता, ओळखून ठेवा. पहिल्या बाकावरची एक पोरगी उठली.

‘मॅडम, सगळंच खाती, तर मग तुमचं गोंदण इतके दिवस कसं काय राह्यलं?’

वर्ग खदखदून हसला. ‘उद्या सांगते,’ मी म्हणाले. मास्तरकीत हे वाक्य लय कामाला येतं.

घरी येऊन वाचत बसले आणि माझं मलाच हसू आलं, मग संताप आला. गोंदण टिकतं ते त्या पेशी खातात म्हणूनच! सुईनं शाई आत गेली की त्या धावत येतात, शाई गिळतात, पण ती त्यांना पचत नाही. पचत नाही म्हणून त्या सोडतही नाहीत. एखादी पेशी मेली की तिची शाई बाहेर पडते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती गिळून बसते. पाचव्या वर्षापासून माझ्या हातात हे चाललं होतं. माझ्या बापाचं अक्षर त्यांनी पोटात धरून ठेवलं होतं, आणि मी, त्यांची कौतुकं शिकवणारी बाई, ते जाळून घ्यायला निघाले होते. कुणासाठी? मोबाईलमधून मान वर न काढणाऱ्या एका माणसासाठी!

दवाखान्याची पुढची तारीख मी रद्द केली. आत्याबाईंना फोनही मीच केला. ‘हात आहे तसा राहील,’ मी म्हणाले. ‘चालणार नसेल तर राहू द्या.’ त्यांनी राहू दिलं.

रविवारी झरीला गेले तर बाबा तापलेलेच होते. ‘एवढ्याशा गोंदणापायी चांगलं स्थळ घालवलंस व्हय गं? आता आमी काय करावं?’

मी त्यांच्याजवळ बसले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं होतं तेच सगळं त्यांना सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला.

‘पुसट झालं की गं, माय.’

‘झालं थोडं. पण जी शाई इथून निघाली, ती सगळी बाहेर न्हाई गेली. थोडी काखेतल्या गाठीत जाऊन बसती. तिथंबी ह्याच पेशी तिला धरून ठेवतेत.’

बाबा विचारात पडले. ‘म्हंजी तिथंबी चुकीचंच लिवलेलं?’

‘तिथं अक्षर राहत न्हाई, बाबा. नुसती शाई.’

‘मग तिथं तरी चूक न्हाई,’ ते म्हणाले.

‘इथंबी न्हाई. मी पुन्हा हरवले असते ना, तर हे वाचून लोकांनी मला झरीलाच आणून सोडलं असतं.’

बाबांनी माझी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि तशीच राहू दिली.