गाण्यातली बोटं

इस्त्रीवालीच्या डाव्या हाताची दोन बोटं तळव्याकडे वळलेली आहेत, ती कायमची. गिऱ्हाइकं विचारत नाहीत. त्यांना कडक घडीशी मतलब, बाईच्या बोटांशी कुणाला काय देणंघेणं! उजव्या हाताने ती सहा किलोची इस्त्री ढकलते आणि डाव्या मुठीने पुढचं कापड सारखं करते. मुठीने कापड सारखं करणारी अख्ख्या बाजारात ती एकटीच.

लेकीला तिने एवढंच सांगितलं होतं, "इस्त्रीने भाजलं." खोटं नव्हतं. पुरतं सांगायला ऐकणारं तरी कोण होतं! नवरा होता तोवर त्याला स्वतःच्या सर्दीपुढे जग दिसत नव्हतं.

झालं होतं असं. चौदा वर्षांपूर्वी तिच्या दुकानात एका गाण्याचं शूटिंग झालं. गाण्यातल्या नटीला म्हणे चादरी इस्त्री करता करता प्रेम आठवतं. त्या नटीने जन्मात रुमालसुद्धा इस्त्री केला नव्हता. म्हणून तोंड नटीचं आणि हात इस्त्रीवालीचे, असं ठरलं. तिच्या हातांना पावडर फासली, नखं रंगवली, बोटात नटीची अंगठी घातली. ती हरखली होती, कशाला खोटं बोला.

या गाणेवाल्यांचा एक उफराटा उद्योग असतो. पडद्यावर सगळं संथ, तरंगत दिसायला हवं असेल तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. माणसांनी त्या वेगात सगळं उरकायचं, मग चित्र निम्म्या वेगावर आणायचं. म्हणजे ओठ शब्दांना बरोबर बसतात. इस्त्रीवालीला सांगितलं, "गाण्याच्या तालावर हात चालव, आणि इस्त्री चांगली तापव, वाफ दिसली पाहिजे." तिने ओली चादर घेतली. डावा हात पुढे, इस्त्री मागे, ही तिची रोजची सवय. पण रोजची सवय रोजच्या वेगाची असते. तिसऱ्या फेरीत इस्त्रीने डाव्या हाताला गाठलं आणि चादर धरलेली मूठ झटक्यात उघडली. किंकाळी गाण्याच्या ढणढणाटात विरली.

"झकास!" दिग्दर्शक ओरडला. "पुन्हा एकदा घेऊ या?"

"आता कसलं पुन्हा, कातडी गेली तिची," कॅमेरावाला म्हणाला.

"बरं, मग एवढ्यावर भागवू."

पडद्यावर तो झटका इतका संथ झाला की वाफेतून एकेक बोट अलगद उघडताना दिसलं. चित्राच्या कडा कापून इस्त्री काढून टाकलेली. आणि वर शब्द, "तुझ्या उन्हात हळूहळू उमलते मी." लोक वेडे झाले त्या बोटांवर! जखम भरली तेव्हा शीर आखडली, आणि ज्या दुकानात जावं तिथे हेच गाणं लागलेलं. इस्त्रीवाली सामान न घेता परत यायची.

लेक मोठी झाली, चित्रपटाचं शिकायला कॉलेजात गेली. तिथल्या सरांची दोन रकान्यांची पद्धत. डावीकडे गाण्याची ओळ, उजवीकडे चित्र, आणि पुढे लिहायचं की चित्र शब्दांशी जुळतं, भांडतं, की शब्दांच्या पुढे जातं. सर काही दुष्ट नव्हते. मन लावून शिकवायचे, हीच तर पंचाईत. त्या बोटांवर त्यांनी मोठा लेख लिहिला होता आणि दर वर्षी पोरांकडून तो घोटून घ्यायचे. या वेळी वर्षअखेरच्या परीक्षेतून एकालाच एका बड्या स्टुडिओत शिकायला पाठवणार होते. लेकीने जिवाचं रान केलं होतं.

एका दुपारी दुकानात टेबलाच्या कडेला फोन टेकवून ती तयारी करत होती. "आई, बघ ना, काय काम केलंय नटीने बोटांचं!"

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. चौदा वर्षं जे गिळलं होतं ते एका वाक्यात बाहेर आलं. "ती बोटं माझी आहेत गं."

लेक आधी हसली. मग सगळं ऐकून घेतलं, आणि डोळे असे चमकले पोरीचे! "अगं आई, म्हणजे इथे चित्र भांडतंय! शब्द म्हणतात उमलते आणि हात भाजतोय! हे आजवर कुणीच लिहिलं नाही. तू ये परीक्षेला." पालकांनी परीक्षेला येऊन बसायची तिथे पद्धतच होती. आईचा हात दुखला का, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. पण इस्त्रीवालीला त्याचं काही नव्हतं. लेक चारचौघांत सांगणार होती, की हा हात माझ्या आईचा. आणखी काय पाहिजे!

परीक्षेच्या दिवशी लेकीने चित्र बरोबर जागी थांबवलं आणि खणखणीत आवाजात सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढला.

"पुरावा?"

"आई इथेच बसलीये, सर."

इस्त्रीवाली उठली. ऊर भरून आला होता तिचा. पुढे जाऊन तिने पडद्यावरच्या पाच उघड्या बोटांशेजारी आपला हात धरला.

"बोटं सरळ करा," सर म्हणाले.

"होत नाहीत सर. तेव्हापासूनच होत नाहीत."

"म्हणजे हा हात त्या हातासारखा दिसत नाही, हाच तुमचा पुरावा?"

वर्गात हशा पिकला. इस्त्रीवालीने उजव्या हाताने एक बोट धरून वर ओढलं. कळ डोक्यात गेली. सोडलं तसं ते परत वळलं, आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"हे बघा, हा भाजल्याचा डाग..."

"बाई, इस्त्री करणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर डाग असतो." सर लेकीकडे वळले. आवाज अगदी मायेचा. "बाळा, दयेला मार्क नसतात. चौकटीत दिसतं तेवढंच बोलायचं. तुला उत्तर बदलायचंय का? अजून वेळ आहे."

लेकीने आईकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, सरांच्या हातातल्या मार्कांच्या कागदाकडे पाहिलं.

"सॉरी सर. आईला... कधीकधी असं काहीतरी वाटतं."

दोन वाक्यं बोलली असती इस्त्रीवाली, तर नटीच्या अंगठीपासून कॅमेरावाल्यापर्यंत सगळं सांगता आलं असतं. पण पोरीची मान खाली गेलेली तिला दिसली. "हो सर," ती म्हणाली, "झाला असेल माझाच घोळ."

"हं, कर सुरू."

"इथे चित्र शब्दांशी जुळतं," लेक म्हणाली, आणि सरांचा लेख घडाघडा बोलू लागली. आईला कुणी बस म्हटलं नाही, म्हणून ती तशीच पडद्याशेजारी उभी राहिली.

स्टुडिओसाठी लेकीचंच नाव लागलं. सरांनी पाठ थोपटली. जिना उतरताना लेक आईकडे वळली.

"आई, चिडू नकोस हं. पुन्हा पालकांना बोलावलं तर मामा येईल का?"

"येईल की," इस्त्रीवाली म्हणाली. "सांगते त्याला."