शिवणाच्या तासाची कादंबरी

सांगलीतली माझी नोकरी एका कादंबरीपायी गेली, असं पुढे पुष्कळांनी सांगितलं. त्यात फारसं खोटं नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी साताऱ्याहून मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आले, तेव्हा क्रमिक पुस्तकातल्या कविता माझ्या आईनंही पाठ केलेल्या होत्या. नव्या लेखनाला तासच नव्हता. मग मी शिवणाच्या बाईंशी संधान बांधलं. मुली काजं करत बसत आणि मी नव्या कविता, कादंबऱ्या वाचून दाखवी. हेडबाईंनी नाक मुरडलं. पण हात चालताहेत ना, असं म्हणून गप्प बसल्या.

यमक नसलेली पहिली कविता वाचली तेव्हा मुली खुसुखुसू हसल्या. हिला चाल कुठली लावायची, हा त्यांचा प्रश्न. एक मात्र हसली नाही. चाल नसली की बोलणं खरं वाटतं, असं खाली मान घालून म्हणाली. ती मला तेव्हाच फार आवडून गेली.

ती कुंडलच्या शेतकऱ्याची मुलगी. शिकायला मामाकडे राहायची; मामा माधवनगरच्या गिरणीत होता. शिवणाच्या कपाटाची किल्ली मी तिच्याकडे सोपवली. माझी पुस्तकंही त्याच कपाटात असत.

दिवाळीनंतर एक नवी कादंबरी काढली. तिच्यातल्या मुलीचं लग्न मनाविरुद्ध ठरतं. निम्मी वाचून झाली असेल, तोच कळलं की आमच्या हिचंही ठरलं. कोरेगावचा बिजवर, चाळिशीचा, ऊस भरपूर. ही नको म्हणाली म्हणून बापानं मारलं, हे मला वर्गातल्या तिच्या शेजारणीनं सांगितलं. मी मामाला भेटले. त्यानं चहा पाजला आणि मेहुण्यापुढे आपलं काही चालत नाही म्हणाला.

कादंबरीतली मुलगी शेवटाकडे आपल्या वस्तू वाटून टाकते. फणी, करंडा, बांगड्या, एकेक करून, हसत हसत. मग नदीवर जाते आणि परत येत नाही. हा शेवट वर्गात फक्त मलाच ठाऊक आहे, अशी माझी समजूत.

वस्तू वाटण्याचा भाग वाचला आणि लगोलग आमच्या हिनं रिबीन शेजारणीला दिली. मला कौतुक वाटलं. मग शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान दिलं. मग कात्री. सोमवारी तिचं मराठीचं पुस्तक दुसरीच मुलगी घेऊन बसलेली दिसली. हिला विचारलं, तर बाप बस्ता बांधायला आलाय, आता पुस्तक कशाला हवं, असं म्हणून छान हसली. त्या हसण्याची मला भीती वाटली. कृष्णेचा घाट शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता.

शेवटचं प्रकरण नेमकं त्याच दिवशी होतं. मुली सुया थांबवून ऐकत होत्या. मी पुस्तक समोर धरलं आणि पानावर नसलेलं वाचू लागले. ती मुलगी घाटाच्या पायऱ्या उतरली, पाण्यात पाय बुडवले, थंडी वाजली आणि ती मागे फिरली. आपल्या जुन्या बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. बाईंनी दार उघडलं. लेखकाइतकी चांगली भाषा काही मला जमली नाही. त्याला राग येत असेल तर येवो. इतकी गुणी पोर पाण्यात ढकलताना त्यानं मला कुठं विचारलं होतं?

तास सुटला. आमची ही सुया गोळा करायला मागे राहिली.

"बाई, पुस्तकात ती परत येत न्हाई. मी कवाच वाचलंय."

"ठाऊक आहे मला."

"मग खरंच असं कुणी दार उघडतं व्हय?"

दुसऱ्याची लग्न ठरलेली मुलगी घरात घ्यायची म्हणजे काय होतं, हे एकट्या राहणाऱ्या मास्तरणीला कुणी समजावून सांगायला नको. तरी मी म्हटलं, "मी उघडीन."

तिनं सुया डबीत भरल्या. कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवून गेली. किल्लीसुद्धा देऊन टाकली, हे घरी पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं. तशीच घाटावर धावले. धुणं आटोपून बायका परतत होत्या. पाणी काळं दिसत होतं. ती कुठंच नव्हती. कुणाला विचारायचा धीर झाला नाही. परत येऊन दारातच बसले.

दिवेलागणीला ती आली. हातात बोचकंसुद्धा नव्हतं. सगळं वाटून झालं होतं. परकर गुडघ्यापर्यंत ओला होता.

मी तिला पंचा दिला. पाय पुसून होतात तोच दारावर काठी वाजली. बापाचा आवाज आला, मागे मामाचा, आणखीही कुणी होते.

"बाई, आमची पोरगी हाय का हितं?"

माझ्या शेवटात ही माणसं मी घेतलीच नव्हती. तिला स्वयंपाकघरात पाठवलं, पदर खोचला आणि दार उघडलं.

"आहे," मी म्हटलं. "आणि इथंच राहणार आहे."